डावीकडे बघणारी माणसं

१

माझा धंदा लोकांचे डोळे उघडायचा. हसू नका. मी डॉक्टर नाही, आणि शहाणपण शिकवणारा तर मुळीच नाही. चौथीत तीनदा बसलो. शेवटी मुख्याध्यापकच कंटाळले आणि म्हणाले, "जा बाबा, सुटलास." सुटलो ते थेट फोटो स्टुडिओत जाऊन पडलो. रिटचिंगवाला झालो.

तेव्हा फोटो काढायचा म्हणजे घरदार कामाला लागायचं. माणूस दाढी करून, कपड्यांना इस्त्री करून, पोट आत घेऊन बसायचा आणि मालकांनी "हं!" म्हटलं की नेमके त्याच क्षणी डोळे मिटायचा. बारा जण असले की एक तरी मिटणारच. लिहून ठेवा. पुन्हा बारा जणांना गोळा करायचं म्हणजे एक आजारी, एक रुसलेला. मग ती निगेटिव्ह पडद्यामागे माझ्याकडे यायची.

निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. काळा कोट पांढरा, पांढरे दात काळे. तिच्याखाली तिरपा आरसा, आरशातून वर येणारा उजेड, माझ्या डोळ्याला भिंग. मिटलेल्या पापणीवर बारीक सुरीनं खरवडून बुबुळ करायचं, सुईसारख्या पेन्सिलीनं पांढरं भरायचं आणि सगळ्यात शेवटी बुबुळात एक टिंब द्यायचं. उजेडाचं. टिंब नसलं तर माणूस शवागारातून तासाभरासाठी मागून आणल्यासारखा दिसतो. टिंब दिलं की आत्ता "काय, बरं आहे ना?" म्हणेल असा.

सत्तावीस वर्षं मी हे केलं. घरोघरी भिंतींवर जे सासरे, मामा, आत्या डोळे वटारून बसलेत, त्यातले कितीतरी खरं म्हणजे डुलक्या काढत होते. हे मला माहीत आणि आता तुम्हाला.

२

आता खोडी सांगतो. खोडीशिवाय मला जेवण जात नसे.

कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला कोपऱ्यात एक हिरवा पडदा होता. त्यामागे माझं टेबल, माझं स्टूल आणि मी. मी काय करायचो, काढलेले डोळे समोर बघते न ठेवता किंचित डावीकडे लावायचो. तुमच्या डावीकडे, त्यांच्या नव्हे. माझ्या कोपऱ्याकडे. म्हणजे वकील, बँकेचे साहेब, चौथीत मला तीनदा बसवणारे मुख्याध्यापकसुद्धा भिंतीवर जन्मभर माझ्याकडे बघत राहणार. दुकानात, रस्त्यावर काढलेल्या फोटोंतही तेच. तिथे कोपरा नाही, पडदा नाही, तरी नजर आपली डावीकडे. कुणाच्या लक्षात यायचं नाही. उलट बायका म्हणायच्या, "काय विचारात पडलेत बघा!"

मालकांच्या मात्र एक दिवस लक्षात आलं. मालक म्हणजे मोजून बोलणारा माणूस, दिवसाला दहा वाक्यं. सात-आठ प्रिंट ओळीनं मांडून ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता कान धरतात. ते नुसतं म्हणाले, "अरे, इतक्या माणसांना एकीकडे बघायला लावतोस, तर त्यांना तिथे बघायला काहीतरी दे."

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू काय, संध्याकाळी घरी जातोस," ते म्हणाले आणि दिव्याची वायर गुंडाळायला लागले.

त्याच वर्षी ती आली. एकोणीस वर्षांची, आईवडिलांबरोबर, स्थळासाठी फोटो काढायला. मालकांनी चार वेळा "हं!" म्हटलं, चारही वेळा तिनं डोळे मिटले. मी पडद्यामागून तिचं नाव ठेवलं: मिचकी. तिचे डोळे मी तेव्हा नीट पाहिलेही नव्हते. म्हणून आपल्या मनानं काढले. एकसारखे, बशीएवढे, डावीकडे बघणारे. फोटो इतका फक्कड उठला की मी तिच्या वडिलांना म्हटलं, आता दुसरीकडे कशाला पाठवताय?

लग्नानंतर कळलं, तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान आहे आणि हसली की तो पार मिटतो. चोपन्न वर्षं संसार झाला. लग्नात, मुलांच्या वाढदिवसांना, जावयाच्या मोबाइलवर, प्रत्येक फोटोत तिनं डोळे मिटले. जुने फोटो मी दुरुस्त केले. नवे तसेच राहिले. सत्तरी उलटल्यावर एक दिवस ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर भिंतीवर तुमचे डोळे लावून बसायचं का मी? माझ्या डोळ्यांचा एक तरी फोटो पाहिजे मला. एक."

"मेलीस की काढतो," मी म्हटलं. "तेव्हा हलणार नाहीस."

तिनं लाटणं उचललं. पण डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

३

यंदा आमच्या ग्रंथालयाच्या बाईंना मालकांच्या पुतण्याच्या माळ्यावर सहा खोकी सापडली. प्रिंट आणि निगेटिव्ह. बाई तरुण आहेत, चष्म्याआडून जगावर प्रेम करतात. त्यांनी ठरवलं, तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन भरवायचं: पूर्वीच्या लोकांचं रोजचं जगणं. राजे नाहीत, पुढारी नाहीत. पंक्चर काढणारा सायकलवाला, काखेत टेप घेतलेला शिंपी, पावाच्या भट्टीपुढे उभा बेकरीवाला, डबा खाणाऱ्या नर्सा, धुणं वाळत घालणारी कुणाची तरी आई. एक्केचाळीस फोटो, चार भिंती. आणि कोण कोण आहे ते सांगायला जिवंत उरलेला एकटा मी.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. वकिलाच्या फोटोखाली मी लिहून दिलं, ‘अनोळखी गृहस्थ, बहुधा पाकीटमार’. बाईंनी दोन दिवसांनी पकडलं. पण मला रोज सकाळी दहा ते एक तिथे बसायची परवानगी मिळाली. लोक यायचे, आजोबा सापडले की ओरडायचे. मी त्यांना आजोबांच्या खऱ्याखोट्या भानगडी सांगायचो. असे मजेचे दिवस म्हातारपणी कुणाला मिळतात?

एका कोपऱ्यात बाईंनी ‘तेव्हा आणि आता’ असं काढलं होतं. फोटोतलं माणूस अजून असेल तर त्यानं स्टुडिओच्या त्याच जुन्या वेताच्या खुर्चीत बसायचं, नवा फोटो काढायचा आणि तो जुन्याशेजारी लावायचा. खुर्चीही माळ्यावरच सापडलेली. तिच्या समोरच्या भिंतीवर एकोणीस वर्षांची मिचकी, बशीएवढ्या डोळ्यांची. गुरुवारी अकरा वाजता तिची पाळी होती. घरी आठवडाभर तिचा आरशासमोर सराव चालला होता, डोळे उघडे ठेवायचा. चहा उतू गेला तरी पापणी हलवायची नाही.

सोमवारी मी सायकलवाल्यासमोर उभा होतो. त्याचे डोळे मीच उघडलेले. हात ओळखू येतो ना आपला. तो उजवीकडे बघत होता.

मी म्हटलं, प्रिंट उलटी झाली. निगेटिव्ह उलट्या बाजूनं ठेवली की असं होतं. पण त्याच्या डोक्यावरची पाटी सुलटी होती, अक्षरं धडधडीत वाचता येत होती. मग म्हटलं, चुकून एकदा उजवीकडे काढले असतील. मी काय यंत्र आहे? मग शिंप्याकडे गेलो. तो समोरच्या भिंतीवर. तो डावीकडे बघत होता, पण जरा जास्तच, बुबुळ पार कडेला. नर्सांतली मधली खाली. मुख्याध्यापक तर मान न हलवता जवळजवळ मागे.

चारही भिंतींवरचे माझे अठरा जण दरवाज्याकडे बघत होते. आणि बाकीचे, ज्यांनी देवानं दिलेले डोळे वेळेवर उघडे ठेवले होते, ते कॅमेऱ्याकडे. निवांत.

४

माझा एक दोस्त आहे, निवृत्त पोस्टमन. त्याला मी टपाल्या म्हणतो, तो मला जे म्हणतो ते छापण्यासारखं नाही. मंगळवारी त्याला धरून आणला.

"बघ," मी म्हटलं.

त्यानं बघितलं. "तुझा मोतीबिंदू आहे."

"तुझे तर चांगले आहेत ना? सायकलवाला कुठे बघतोय?"

टपाल्यानं चष्मा पुसला. "त्या खुर्चीकडे."

"दरवाज्याकडे."

"अरे खुर्चीकडे! आंधळा मी आहे का तू?"

मी वळून बघितलं. खुर्चीकडे. काल दरवाजा, आज खुर्ची.

आता मी माणूस अडाणी असलो तरी डोक्यानं नाही. पिशवीतून मिचकीच्या विणकामाचा लोकरीचा गुंडा काढला. एकेका फोटोच्या डोळ्यांपाशी चौकटीला दोऱ्याचं टोक चिकटवायचं आणि नजर जाईल तसा दोरा ताणत न्यायचा. मी इकडून, टपाल्या तिकडून. "वर... खाली... अरे गाढवा, त्याच्या बुबुळाकडे बघ, माझ्याकडे नको." अर्ध्या तासात खोलीभर लाल लोकर झाली. बाई दारात येऊन थबकल्या.

"आजोबा, हे काय?"

"कोळी," टपाल्या म्हणाला. "फार मोठा होता."

बाई हसून गेल्या. आम्ही हसलो नाही. अठरा दोरे एकत्र आले होते खुर्चीच्या वर, माझ्या मुठीएवढ्या जागेत. टपाल्यानं तिथे हात धरला. उभ्या माणसाच्या छातीपर्यंतही ती जागा येत नव्हती.

"बसलेल्या माणसाचं तोंड इथे येतं," तो म्हणाला. मग हात पटकन मागे घेतला आणि पँटला पुसला.

"गार लागलं?"

"नाही. काहीच लागलं नाही." तो दोरे सोडवायला लागला. "तूच केलंयस हे. मला माहितीय. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या पिशवीत बेडूक टाकलास, तसं."

मी शपथ घेतली. त्यानं ऐकली नाही. जाता जाता म्हणाला, "वहिनींना मात्र यात ओढू नकोस हं."

मी शिंप्याची चौकट काढून समोरच्या भिंतीवर टांगली. बुधवारी बघितलं तर शिंप्यानं नजर फिरवून घेतलेली, बरोब्बर पुन्हा खुर्चीकडे. त्या सकाळी खोलीत मी एकटा होतो, पंखा बंद होता, आणि वेत अधूनमधून कुर्र करत होता, कुणी बसल्या बसल्या मांडी बदलावी तसा. जुना वेत हवेनं करतोच असं. मी स्वतःला तीनदा सांगितलं, हवेनं करतोच. तिसऱ्यांदा सांगताना मी जिन्यात होतो.

५

बुधवारी घरी मी म्हटलं, "उद्या नको जाऊस."

"का?"

"खुर्ची बरी नाही."

"मोडलीय?"

"नाही... कुणीतरी बसलंय."

तिनं माझ्याकडे त्या लहान डोळ्यानं बघितलं. चोपन्न वर्षांत मी तिला सांगितलंय की छपरावर उंट आहे, तिचा भाऊ तुरुंगात आहे, दूधवाला माझा जुळा भाऊ आहे. आता मी काय सांगणार होतो?

"या वयात तरी सोडा हो," ती म्हणाली. "एवढं एक तरी माझ्यासाठी सरळ होऊ दे."

गुरुवारी ती मोतिया रंगाची साडी नेसली. टपाल्या आला, पण दारातच उभा राहिला. बाई मोबाइल घेऊन तयार. मिचकी खुर्चीत बसली. वेत वाजला नाही. खोलीत दुसरं सगळं वाजत होतं, बाहेरचा हॉर्न, वरच्या मजल्यावरच्या चपला, तेवढी खुर्ची गप्प. भिंतीवरचे अठरा जण माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

"आजी, हसा! एक... दोन..."

तीन म्हणताच तिनं डोळे मिटले. घट्ट. मी बघितलं, टपाल्यानं बघितलं, तिनं स्वतःच कपाळावर हात मारला. "गेलं! पुन्हा काढा हो बाई."

"पुन्हा कशाला?" बाई म्हणाल्या. "किती सुंदर आलाय! बघा ना, डोळे केवढे छान उघडे आहेत."

मोबाइल तिच्या हातात गेला. मी मागून वाकून बघितलं. सुरकुत्या तिच्या, साडी तिची, तोंड हसरं, तिचंच. आणि वर दोन डोळे. एकसारखे. बशीएवढे. डावीकडे बघणारे. बुबुळात गोल टिंब.

बाईंनी आणखी पाच काढले. पाचही वेळा ती मिटली, पाचही वेळा ते उघडे.

तिनं एकेक फोटो नीट बघितला. मग मोबाइल परत दिला, पदर सारखा केला. "हे माझे नाहीत," ती बाईंना हळूच म्हणाली. माझ्याकडे वळून मात्र जोरात, "मोबाइलमध्येसुद्धा केलंत? माझी एवढी एकच इच्छा होती, तीसुद्धा तुम्हाला खेळायलाच सापडली?"

"अगं, मला मोबाइल चालू करता येत नाही..."

"माझ्याशी बोलू नका."

आणि बोललीच नाही. चार दिवस. वाटेल ते बोला, भांडी आपटा, लाटणं फेका. पण मिचकी गप्प बसली की घरात घड्याळसुद्धा चोरपावलांनी चालतं. शनिवारी तिनं माझ्या ताटाशेजारी विणकामाची पिशवी ठेवली. आत लाल लोकर, तुकडे तुकडे झालेली. तीही माझीच खोडी, असं तिच्या गप्प बसण्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

६

ग्रंथालय एक ते दोन बंद असतं, जेवायची सुट्टी. सोमवारी मी बाईंना म्हटलं, मी आतच बसतो, डबा आणलाय. डबा रिकामा होता. खिशात भिंग होतं, माझं जुनं, पितळी कडीचं.

भर दुपार. खिडक्यांतून ऊन असं पडलं होतं की धुळीचे कणसुद्धा मोजता यावेत. भुतंखेतं अशा उजेडात येत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत. त्या आधारावर मी मुख्याध्यापकांपुढे गेलो. "गुरुजी, परवानगी," म्हटलं आणि त्यांच्या बुबुळाला भिंग लावलं.

माझं टिंब मी ओळखतो. एका ठोक्यात दिलेलं, गोल. हे गोल नव्हतं. लांबट होतं, खाली रुंद, वर निमुळतं, आणि वरचा भाग एका बाजूला कललेला. मी भिंग जवळ-लांब केलं. कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं.

शिंप्याकडे गेलो. त्याच्या टिंबातही तेच बसलेलं, पण बाजूनं. सायकलवाल्याच्या टिंबात दुसऱ्या बाजूनं. जो जिथून बघत होता, तिथून त्याला जसं दिसेल तसं. अरे, मी पेन्सिलीनं दिलेले ठिपके ते! टाचणीच्या टोकाएवढे!

खुर्चीच्या बरोब्बर समोर मिचकीचा फोटो होता. एकोणीस वर्षांची. तिला तोंड दिसणार होतं.

इतकी वर्षं लोकांचे डोळे उघडले, आणि आता माझाच एक उघडवेना. माझ्या पाठीमागे कुर्र झालं. मी वळलो नाही. भिंग लावलं.

तोंड कसं होतं ते मला विचारू नका. कुणाचंच नव्हतं, थोडं सगळ्यांचं होतं. पण एक गोष्ट मी ओळखली, कारण तो माझा धंदा. त्याचे डोळे मिटलेले होते. आणि मान किंचित वर केलेली, हनुवटी पुढे, हात मांडीवर, श्वास रोखून, अगदी गिऱ्हाइकासारखं. आपले डोळे उघडून मिळायची वाट बघत.

मला मालक आठवले. वायर गुंडाळताना. बघायला काहीतरी दे.

"असं आहे तर," मी मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज चहा मागितल्यासारखा निघाला, त्याचं माझं मलाच कौतुक वाटलं. "साहेब, माझी पेन्सिल केव्हाच संपली. हात कापतो. पण तिचे डोळे घ्यायचे नाहीत, सांगून ठेवतो. ते एकसारखे नाहीत, तुम्हाला शोभणार नाहीत. पाहिजे तर माझे घ्या. वापरलेले आहेत, एकात मोतीबिंदू, पण बघायचं काम होईल. तिचे तेवढे तिला द्या."

काही झालं नाही. ऊन होतं, धूळ होती. मग वेत खालून वर आला, दबलेली बैठक माणूस उठल्यावर येते तसा, सावकाश, एकेक पट्टी. माझ्या डाव्या बाजूनं काहीतरी गेलं असं म्हणणार होतो, पण मी पाहिलं नाही, त्यामुळे म्हणत नाही. जे पाहिलं ते सांगतो. मुख्याध्यापक, शिंपी, सायकलवाला, नर्स, मिचकी, सगळ्यांनी एकदम नजर फिरवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. अठरा जणांनी. जशी मी तरुणपणी खोडी केली होती, तशी.

७

घरी जाऊन मी तिचे पाय धरले. खरंच धरले, गुडघ्यातून आवाज आला. "एकदा चल. शेवटचं. या वेळी गडबड झाली तर मी मिशी काढतो."

मिशी ऐकून ती चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "अर्धी," ती म्हणाली. "अर्धी काढायची आणि बाजारात जायचं."

मंगळवारी पुन्हा तीच साडी, तीच खुर्ची. वेत तिच्या वजनानं साध्या खुर्चीसारखा वाजला. बाईंनी मोबाइल धरला. "आजी, बिलकुल घाबरू नका. एक... दोन..."

मी टपाल्याच्या कानात म्हटलं, पण तिला ऐकू जाईल असं, "बेडूक अजून आहे माझ्याकडे." टपाल्या दचकून खिसे चाचपायला लागला आणि मिचकी फसकन हसली. तीन.

मोबाइल तिच्या हातात गेला. मी श्वास धरला. डोळे मिटलेले होते. दोन्ही, घट्ट, लहान डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांची सगळी चूण, तोंड उघडं, एक दात नाही तोही दिसतोय.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "पुन्हा काढू या?"

"मुळीच नको," मिचकी म्हणाली. मोबाइल दोन्ही हातांत धरून ती कितीतरी वेळ बघत होती. "मिटलेले का असेनात, माझे आहेत." मग माझ्याकडे बघून, "वाचली मिशी."

तो फोटो लागला. लोक त्यापुढेच सगळ्यात जास्त थांबतात. एकोणीस वर्षांची मिचकी बशीएवढे डोळे करून डावीकडे बघतेय, आणि शेजारी त्र्याहत्तर वर्षांची, डोळे मिटून हसतेय. माझे अठरा जण पुन्हा आपापल्या फोटोत, बघणाऱ्याच्या डावीकडे, मी पहिल्या दिवशी लावून ठेवले तिथे. मी रोज तपासतो. खुर्चीही तपासतो. रिकामी आहे. टपाल्या म्हणतो, होतीच रिकामी. मी म्हणतो, हो.

परवा सकाळी चहा घेत बसलो होतो. मिचकी सध्या इतकी खुश आहे की मला दोनदा साखर घालते. जावयानं तिला नवा मोबाइल दिलाय आणि ती दिसेल त्याचे फोटो काढते: कुंडी, शेजारणीचं मांजर, माझी टाच.

"अहो," ती म्हणाली, "झोपेतसुद्धा खोड्या सोडत नाही तुम्ही."

"मी काय केलं?"

"आठ दिवस बघतेय. उठून बघावं तर तुम्ही घोरताय ढाराढूर आणि डोळे टक्क उघडे. डावीकडे, त्या कपाटाजवळच्या कोपऱ्यात बघत. मी हात फिरवला डोळ्यांपुढून, तरी हलला नाहीत. म्हटलं, आपण म्हणू आणि तुम्ही नाकबूल कराल." ती हसायला लागली, लहान डोळा मिटला. "म्हणून आज फोटोच काढला. आता बोला!"

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. उशी, माझी मिशी, माझे डोळे. मला चष्म्याशिवाय एवढंच दिसलं. बुबुळात काहीतरी पांढरं होतं, टाचणीच्या टोकाएवढं.

"दिसत नाही," मी म्हटलं. "फार बारीक आहे."

"थांबा, मोठा करून दाखवते," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या डोळ्यावर दोन बोटं ठेवून ती फाकवायला सुरुवात केली.

आयुष्यात पहिल्यांदा मी फोटोपुढे डोळे मिटले.